एकेचाळीस मिनिटं, सहा सेकंद

१

इंजिन बदललेल्या गाडीत डॅशबोर्डवरचा बिघाडाचा पिवळा दिवा लागला नाही तर मला चैन पडत नाही. लागायलाच हवा. चाळीस-पन्नास तारा सोडायच्या, परत जोडायच्या आणि एकही चुकायची नाही, असा मेकॅनिक कोल्हापुरात अजून जन्माला यायचाय. आमचा जोतीराम तर नव्हेच नव्हे.

कसबा बावड्यात, साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, आमचं पत्र्याचं गॅरेज आहे. जोतीराम पाना चालवतो आणि मी स्कॅनर. मी अनेकांत मगदूम, डिप्लोमा झालेला, अठरा वर्षं गाड्यांची नाडी बघणारा. जोतीराम माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आहे आणि गाडी अडली की आधी तिच्या पुढचं लिंबू बदलतो. मी लिंबाला हात लावत नाही. गाडी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, एवढं एकच तत्त्व माझ्यापाशी आहे आणि ते रोज कुणाला तरी ऐकवल्याशिवाय मला जेवण जात नाही.

डिसेंबरात प्रियदर्शनीताईंची शाळेची व्हॅन आली. ताई स्वतःच व्हॅन चालवतात, नदीपलीकडच्या गावांतली अकरा पोरं सकाळी शाळेत आणतात. त्यातली एक त्यांचीच, तिसरीतली अनुजा. जुनं इंजिन तापून जाम झालं होतं. जोतीरामनं कुठूनतरी दुसरं पैदा केलं, तीन दिवसांत बसवलं आणि बुधवारी सकाळी गाडी माझ्यापुढं लावली. सोमवारी ताईंना ती हवी होती.

पहिल्या स्कॅनला बिघाडाचे पाच कोड आले. चार माझ्या ओळखीचे होते. एक प्लग अर्धवट बसलेला, एक अर्थिंगची तार राहून गेलेली, आणि एक नळी कुठंतरी हवा ओढत होती, तिचे दोन. तासाभरात चारही गेले. पाचवा होता ब्रेकच्या स्विचचा. ब्रेकच्या पायडलला दोन स्विच असतात आणि दोघांनी मिळून एकच साक्ष द्यायची असते, पाय आहे किंवा पाय नाही. इथं एक म्हणत होता आहे, दुसरा म्हणत होता नाही.

गाडीत कुणी नव्हतं. मी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली होती.

२

कोड येतो त्या क्षणाला गाडीत काय चाललं होतं, त्याची नोंद गाडीचा कॉम्प्युटर ठेवतो. मी ती उघडली. वेग अडतीस. पाण्याचं तापमान एकोणनव्वद. इंजिन चालू होऊन झालेला वेळ, दोन हजार चारशे सहासष्ट सेकंद.

मी भागाकार केला. एकेचाळीस मिनिटं, सहा सेकंद. बसवल्यापासून ते इंजिन सगळं मिळून दहा मिनिटंही चाललं नव्हतं आणि गाडी शेडच्या बाहेर गेली नव्हती.

मला हसू आलं. जोतीरामनं इंजिनाबरोबर त्याचा कॉम्प्युटरही आणला होता. म्हणजे ही जुन्या गाडीची शिळी नोंद असणार. मी कोड पुसला. किल्ली बंद केली, चालू केली. कोड परत आला, तेच अडतीस, तेच दोन हजार चारशे सहासष्ट. बॅटरीची तार काढून अर्धा तास चहा पीत बसलो. तार जोडली. आकडे जागेवर होते.

"जोतीराम, हे इंजिन कुठल्या गाडीचं?"

"कुठल्याच न्हाई."

"म्हंजे? शेतात उगवलं व्हय?"

"तिकडं लांब एक ट्रेनिंगचं कॉलेज बंद पडलं. तिथं पोरं शिकायसाठी खोलायची, परत बांधायची. लोखंडी स्टँडवर बसवलेलं. ह्या इंजिनानं रस्ता बगितलाच न्हाई, अनेकांत. कोरं करकरीत हाय. म्हनून तर उचललं की."

ज्यानं रस्ता पाहिला नाही त्याच्या पोटात अडतीसचा वेग कसा? पोरांना शिकवायला मास्तरांनी खोटे आकडे भरले असतील, असं मी ठरवून टाकलं. ठरवलं की बरं वाटतं.

३

दुपारी एकला जोतीराम घरी जेवायला जातो. मी डबा आणतो, शटर अर्ध्यावर ओढतो आणि स्टुलावर बसून एकटा जेवतो. दिवसातली माझी आवडती वेळ ही. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात असतात, त्यांच्या टेपवरची गाणी लांबून येऊन लांब जातात, आणि मळीचा वास पत्र्याखाली साठून राहतो.

त्या दिवशी भाकरी मोडता मोडता मी व्हॅनची किल्ली नुसती चालूवर ठेवली आणि स्कॅनरवर रेघा लावल्या. इंजिन बंद होतं. एक रेघ इंजिनाच्या फेऱ्यांची, एक वेगाची, एक रेसच्या पायडलची. तिन्ही शून्यावर झोपलेल्या असायला हव्या होत्या.

फेऱ्यांची रेघ आठशेवर चढून बसली, गाडी जागेवर उभी आणि इंजिन चालू असलं की असते तिथं.

बॉनेटखालून बारीक आवाज आला. झिंऽऽ. हवा सोडणारी झडप उघडली की तो येतो, कुणी रेस दिली की. पायडलची रेघ वर गेली, मागोमाग वेगाची. बारा, वीस, अठ्ठावीस. मग रेस सुटली, वेग उतरला, परत चढला. समोर उभी गाडी तसूभर हलत नव्हती आणि स्क्रीनवर ती रस्त्याला लागली होती.

मी घास तोंडात घेऊन तसाच बसलो. नंतर कॅलेंडरचं पान फाडलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला वेळा लिहू लागलो. हाताला काहीतरी काम हवं होतं. चौदाव्या मिनिटाला गाडी थांबली, चाळीस सेकंद. मग निघाली. एकोणिसाव्याला थांबली. तेविसाव्याला थांबली, तिथं चांगली दोन मिनिटं. असे सहा थांबे झाले. प्रत्येक थांब्याला माझ्या मागची भिंत लालसर व्हायची, कारण ब्रेकचे दिवे लागत होते.

सहाव्या थांब्यानंतर वेग हळूहळू अडतीसवर गेला. दोन हजार चारशे साठ. पासष्ट. सहासष्टला रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली आली आणि माझ्या मागची सगळी भिंत लाल झाली.

मी उठून ड्रायव्हरचं दार उघडलं. ब्रेकचं पायडल वर होतं. मी हातानं चाचपलं. थंडगार, वर, सैल. दिवे मात्र जळत होते.

ते सव्वीस मिनिटं जळले. तोवर फेऱ्यांची रेघ आठशेवर सरळ चालली होती. चार हजार सव्वीसाव्या सेकंदाला भिंत परत पांढरी झाली, सगळ्या रेघा शून्यावर आल्या आणि बाहेरून एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला.

४

माझ्या डोक्यावर परिणाम झाला नव्हता, हे मी आधी तपासलं. म्हणजे घरी जाऊन बायकोला पाढे म्हणून दाखवले नाहीत, पण दुसरा स्कॅनर मागून आणला. माझा स्कॅनर कंपनीची नमुन्याची चित्रफीत दाखवत असेल, अशी शंका होती. गुरुवारी दुसऱ्या स्कॅनरवर तीच रेघ आली. प्लगात पाणी शिरलं असेल म्हणून सगळे प्लग उघडून पुसले. अर्थिंगच्या तारा घासून बसवल्या. ब्रेकचे दोन्ही स्विच नवे टाकले. तीच रेघ, तेच सहा थांबे, सेकंदाचा फरक नाही.

दुपारी जोतीरामला जेवायला जाऊ दिलं नाही. त्याला स्टुलावर बसवलं. मला वाटलं होतं, हा लिंबू शोधायला पळेल आणि मला त्याच्यावर ओरडायची सोय होईल. पण जोतीरामनं सगळा प्रवास गप्प बसून बघितला. भिंत लाल झाली तेव्हा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"डायवर चांगला हाय," तो म्हणाला.

"कसला डायवर? कोण हाय का आत?"

"त्याचा पाय बग की. थांब्याच्या किती आधी रेस सोडतोय. आत बारकी पोरं असल्यागत चालवालाय."

"तुझं डोकं फिरलंय."

"माझं फिरलं तर तू का घामाघूम झालाईस?"

मी त्याच्यावर ओरडलो. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. जोतीरामला वाटत नव्हती, आणि त्याचा मला जास्त राग आला.

५

शुक्रवारी संध्याकाळी प्रियदर्शनीताई गाडी बघायला आल्या. मी हात धूत होतो. बाकड्यावर कॅलेंडरचं पान पडलं होतं. ते झाकायचं मला सुचलं नाही.

"दादा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"माझ्या रूटचं टायमिंग." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "चौदा मिनिटांनी शिये. एकोणीसला पुलाकडची दोघं. इथं दोन मिनिटं लिहिलंसा, ते कारखानीसांचं जुळं, त्यांचं बूट कधी सापडत न्हाईत. बरोबर हाय की सगळं."

"जुना रूट असंल तुमचा," मी म्हणालो.

"जुना न्हवं. परवा एक नवीन पोरगं आलं, राजवर्धन, पहिलीतला. तो सातवा थांबा. त्याच्यासाठी सगळा रूट उलटा केला, आधी लांबची, मग जवळची. काल रात्री अनुजाच्या वहीत लिवून काढलंय. अजून शाळेला बी सांगितलं न्हाई." त्यांनी पर्समधून वहीचा दुमडलेला कागद काढून पानाशेजारी ठेवला. "बघा की. फक्त तुमचे सहाच हाईत. राजवर्धन ऱ्हायला."

मी दोन्ही कागद ताडून बघितले. त्यांच्या कागदावर सातवा थांबा होता, शेहेचाळीसाव्या मिनिटाला. माझ्या कागदावर त्याआधी भिंत लाल होत होती.

पुढं घडायचं ते मागं कसं उमटेल, हे मी डिप्लोमात शिकलो नव्हतो. अकरा पोरं गाडीत असणार, त्यातली दहा सहाव्या थांब्यापर्यंत चढलेली असणार, एवढं मात्र मला कळत होतं.

"सोमवारी मिळंल न्हवं गाडी?" त्यांनी विचारलं. "हप्ताभर पोरं तीनचाकीत कोंबून आणतोय मी. एकजण दारातनं पडता पडता वाचलंय."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आता आठवत नाही.

६

आमच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. दिवा विझत नसेल तर सेन्सरला फसवायचं. दोन तारांमध्ये वायरीचा बोटभर तुकडा जोडला की कॉम्प्युटरला वाटतं सगळं आलबेल आहे. मी अशा तुकड्यांना शिव्या घालतो आणि शिव्या घालत घालत वर्षाला पाच-पंचवीस बसवतो.

शनिवारी मी तो तुकडा बसवला. ब्रेक नेहमीसारखे लागणार होते, फक्त कुणी ब्रेक दाबला तर कॉम्प्युटरला ते कधीच कळणार नव्हतं. किल्ली फिरवली. पिवळा दिवा विझला, कोड गेला. मला इतकं हलकं वाटलं की मी जोतीरामला वडा मागवायला सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग एकदा मन राहीना म्हणून रेघा लावल्या.

प्रवास सुरू झाला. सहाही थांबे झाले, भिंत मात्र पांढरीच राहिली. अडतीसचा वेग आला. दोन हजार चारशे पासष्ट. सहासष्ट. काहीच झालं नाही. भिंत पांढरी, वेग अडतीस. मी सुस्कारा सोडला. सदुसष्ट, अडतीस. अडुसष्ट, अडतीस. एकोणसत्तर, अडतीस.

दोन हजार चारशे सत्तरला सगळं एकदम गेलं. वेग, फेऱ्या, तापमान, सगळं. रेघा खाली आल्या नाहीत, तुटल्या. स्कॅनरवर अक्षरं आली, गाडीशी संपर्क नाही.

जोतीराम वडे घेऊन आला तेव्हा मी डॅशबोर्डखाली पडून तो तुकडा पक्कडीनं ओढत होतो आणि पक्कड सारखी घसरत होती, शेवटी त्यानंच तो काढला.

७

रविवारी सकाळी ताई आल्या तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. अठरा वर्षांत गिऱ्हाइकासमोर मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दोन्ही पानं त्यांच्यापुढं ठेवली, एक तुकड्याविनाचं आणि एक तुकड्याचं.

त्या हसल्या नाहीत. बाकड्यावर बसून दोन्ही पानं वाचली.

"गाडी नेऊ नका," मी म्हणालो. "मी शाळेत येऊन सांगतो. सोमवारी पोरं घरीच ठेवा."

"आणि मंगळवारी?"

मी पानावरच्या वेळा परत बघितल्या.

"ह्याच्यावर वार लिहिलाय का, दादा? तारीख? किती दिवस पोरं घरात ठेवू? आणि तीनचाकी त्याच रस्त्यानं जाती की. दुसरा रस्ता हाय कुठं?" त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. "इथं ब्रेक लागलाय. मग सव्वीस मिनिटं काय झालंय?"

"काय न्हाई. इंजिन नुसतं चालू."

"मेलेली गाडी आयडलवर ऱ्हाती का?"

चार दिवस मी त्या सव्वीस मिनिटांना मढं समजून घाबरत होतो. फेऱ्या आठशे, तापमान स्थिर, कुठं ओरखडा नाही. कोड वाचून पोट भरणाऱ्या माणसाला एवढं दिसू नये?

"ह्या पानात कुणीतरी येळेवर ब्रेक मारलाय," ताई म्हणाल्या. "आणि ह्या दुसऱ्यात त्याला तुम्ही मारू दिला न्हाई. मला पहिलं पान पायजे. तीनचाकीत हे मिळणार न्हाई."

"कोण मारतोय ते माहीत नसताना?"

"शाळेच्या बाहेर पोरांना रस्ता वलांडून देतात, त्यांची नावं कुठं माहीत हाईत मला?" त्यांनी किल्ली घेतली. मग दारातून मागं वळल्या. "भ्या वाटतंय पण. तुम्ही येशीला का शेजारी बसायला?"

८

सोमवारी आमची सुट्टी असते. मी सहा पन्नासला त्यांच्या दारात हजर होतो. स्कॅनर मांडीवर, त्याची वायर स्टिअरिंगखाली, कॅलेंडरचं पान खिशात. अनुजानं मला आपादमस्तक बघितलं आणि आईला विचारलं, "हे काका नापास झाल्यात व्हय?"

सोमवारी पहिल्याच थांब्याला पोरगं दोन मिनिटं उशिरा आलं. पान चुकलं. एकेचाळीसावं मिनिट आम्ही पाचव्या थांब्यावर काढलं, काही झालं नाही. मंगळवारी म्हशी आडव्या आल्या. बुधवारी जुळ्यांचे बूट लगेच सापडले. मी गॅरेजला उशिरा जात होतो आणि जोतीराम कुणाला काही विचारू देत नव्हता. माणूस किती लवकर सवयीला लागतो! बुधवारी परतताना मी पोरांना कोडी घालत होतो.

गुरुवारी पहिला थांबा चौदाव्या मिनिटाला झाला, चाळीस सेकंद.

दुसरा एकोणिसाव्याला. तिसऱ्याला जुळ्यांच्या घरातून आईचा ओरडा ऐकू आला, एक बूट पलंगाखाली होता. दोन मिनिटं. मी पान बाहेर काढलं नाही, मला ते पाठ होतं. चौथा. पाचवा. सहाव्या थांब्याला एक मुलगी गुळपापडी खात चढली आणि तिनं दार ओढून घेतलं. ताईंनी माझ्याकडं न बघता विचारलं,

"आज जुळालंय न्हवं?"

"व्हय."

"मग मी काय करू?"

काय सांगणार होतो मी? हळू चालवा म्हणू, तर पान बदललं. थांबा म्हणू, तर जे काही पुढं येतंय ते आमच्यासाठी थांबेल कशावरून? मागं दहा पोरं होती. कुणीतरी डब्याच्या झाकणावर ठेका धरला होता.

"रोज करता तेच करा," मी म्हणालो.

त्यांनी गिअर टाकला. पुढं उताराचा रस्ता, दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस, आणि ऊन नुकतंच शेंड्यांवर आलेलं. वेग अडतीस. मी स्कॅनरवरचे सेकंदांचे आकडे मनात वाचत होतो. साठ. त्रेसष्ट. पासष्ट.

गाडी जागच्या जागी बसली. पोरं एकमेकांवर आदळली, डबे खणखणत पुढं आले. स्कॅनर मांडीवरून घसरला, तो धरायला मी वाकलो, आणि मला ताईंचे पाय दिसले. डावा पाय क्लचवर होता. उजवा रेसवरून उचललेला होता, चप्पल हवेत होती, ब्रेकपासून चांगली चार बोटं वर. आणि ब्रेकचं पायडल पार तळाला टेकलेलं होतं. त्यावरची धूळ मधोमध दबलेली होती.

मग त्यांचा पाय खाली आला आणि त्याला दाबायला काही उरलंच नव्हतं.

एक, दोन, तीन, चार, मी सेकंद मोजले.

डावीकडच्या उसातून, शेताच्या चढावरून, ट्रॅक्टरविना एक भरलेली ट्रॉली उलटी आली. तिला आवाजच नव्हता, फक्त उसाची पानं खसखसली. आमच्या नाकापुढून ती रस्ता ओलांडून गेली, पलीकडच्या बांधावर चढली आणि परत मागं येऊन रस्त्यावर आडवी झाली. मागोमाग पिन तुटली, पिन तुटली, असं ओरडत एक माणूस चढावरून पळत आला, अनवाणी. आमच्याकडं बघून तो रस्त्यातच मटकन बसला आणि रडायला लागला.

कुणाला खरचटलंही नव्हतं. मी उतरून दोनदा पोरं मोजली. दहा.

९

"बंद करू नका," मी ताईंना म्हणालो. त्यांनी गाडी न्यूट्रल केली आणि इंजिन चालू ठेवलं. फेऱ्या आठशे.

ऊसतोडीची माणसं फडातून धावत आली. त्यांनी मोळ्या उचलून बाजूला टाकायला सुरुवात केली. पोरांना तर हे स्वर्गच झालं. दहाच्या दहा बांधावर रांगेनं बसून ऊस सोलू लागली, शाळेचे शर्ट रसानं चिकट. एका बाईनं त्यांना कोयत्यानं कांड्या तोडून दिल्या. रडणाऱ्या ड्रायव्हरला अनुजानं स्वतःची पाण्याची बाटली नेऊन दिली.

ताई मात्र उतरल्या नाहीत. दोन्ही पाय सीटजवळ आखडून घेऊन बसल्या होत्या. पायडल तळालाच होतं. मी खिडकीशी उभा राहून बघत होतो आणि मला पळून जावंसं वाटत नव्हतं, याचं मलाच नवल वाटलं. भीती होती. पण देवळात वाटते तशी.

"मी ब्रेक मारलाच न्हाई, दादा," त्या हळूच म्हणाल्या.

"मी बघितलं."

"कोण असंल?"

कोण असेल? मला उत्तर माहीत नव्हतं, आणि पहिल्यांदाच ते शोधायची तार हातात असूनही शोधावंसं वाटलं नाही.

रस्त्याच्या कडेनं एक गाडी जाईल एवढी वाट मोकळी झाली. पोरं उष्ट्या तोंडांनी आत चढली. ताईंनी आरशात बघून ती मोजली. मग खाली, पायांजवळच्या त्या अंधाऱ्या जागेकडं वाकून, दारात आलेल्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या.

"पावणं, लई उपकार झालं. आता पाय काढा. पोरांना उशीर झालाय."

पायडल वर आलं. झटक्यानं नाही, सावकाश, दुसऱ्याच्या हाती गाडी देताना चांगला ड्रायव्हर सोडतो तसं. मी स्कॅनरकडं बघितलं. चार हजार सव्वीस.

ताईंनी पदरानं डोळे पुसले, पाय ब्रेकवर ठेवला, दाबून बघितला, सोडला. आम्ही निघालो.

सातव्या थांब्याला एक लहानगं पोरगं आईचं बोट धरून उभं होतं, पाठीवर अंगापेक्षा मोठं दप्तर. "किती वाट बगायची वो?" त्याची आई करवादली. "रडून रडून डोळं सुजलं त्याचं. म्हणतंय, गाडी मला इसरली." ताईंनी हात पुढं करून त्याचं दप्तर आत घेतलं. त्याला पुढं बसायचं होतं. मी स्कॅनरची वायर काढली, त्याला माझी जागा दिली आणि मागं जाऊन पोरांत बसलो. अनुजानं सरकून जागा केली आणि अर्धा चावलेला ऊस माझ्या हातात दिला.

"दादा," ताईंनी आरशातून विचारलं, "पुढं काय दावतंय?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "आता तुमचं तुम्ही चालवा."

त्यांनी पहिला गिअर टाकला.